हरिपूरपर्यंत आणि परत

एकतीस वर्षं मी सांगलीतली घरं
मीटरच्या उंचीवरूनच पाहिली.
जिन्याखाली, मोरीच्या भिंतीला, दाराआड,
जिथं करडी पेटी तिथं डोळे.
आकडा लिहिला की घर संपलं.

मग रिटायर झालो, साखर निघाली,
डॉक्टर म्हणाले, चाला.
गावभागातून निघायचं, हरिपूरला संगमाचे पाय धरायचे
आणि मागं फिरायचं.

पहिला महिना नुसती पावलं मोजली.
चार हजार सहाशे बारा.
आकडा आला की हात आपोआप
खिशातलं पेन शोधायचा.
एक दिवस चिंचेखाली मोजणी चुकली.
वर कुणीतरी ठोकत होतं.
तांबट. मुठीएवढा पक्षी,
वाळल्या फांदीत आपल्या मापाचं दार पाडत होता.
भुसा माझ्या चष्म्यावर पडत होता.
किती वेळ मान वर करून उभा होतो, कोण जाणे,
मागनं एक स्कूटर थांबली,
"काय वो आवटीसाहेब, लाइट गेली काय?"

त्या दिवसापासून मोजत नाही.
म्हणजे मोजतो, पण भलतंच.
गिरणीमागं कुत्री व्याली, पिल्लं पाच.
त्यातलं कानावर ठिपका असलेलं
मंगळवारपासून दिसत नाही.
एका घराच्या भिंतीवर तेलरंगात पुराची रेघ,
तिच्या खाली पेन्सिलच्या बारक्या रेघा,
दर वाढदिवसाला एक.
पोरगं अजून पुराच्या दोन वीत खाली आहे.
हे घर माझ्या यादीत होतं.
मीटर रेघेच्या वर, मला पक्कं आठवतं.
रेघ आठवत नाही.

हरिपूर जवळ आलं की
हळद आधी नाकाला लागते.
जमिनीत पेवं होती तिथं आता गवत,
बरीच पुरात बसली.
मी उगाच टाच आपटून बघतो.
कुठं कुठं जमीन अजून
रिकाम्या डेऱ्यासारखी बोलते.

तिथंच वळणावर हौसाक्का
शेंगा भाजत बसते.
पहिल्या दिवशी तिनं मला वरखाली पाहिलं,
"तू तोच न्हवं? तिनाचा आठ लिवलावतास.
पाचशे रुपय जादा भरल्याती म्या."
मला काही आठवेना. तिला साल, महिना,
त्या दिवशी माझ्या शर्टाचा तुटका गुंडासुद्धा आठवत होता.
तेव्हापासून दहाच्या शेंगांना
ती माझ्याकडून बारा घेते.
"थकबाकी," म्हणते,
आणि वर चार शेंगा जास्त घालते.
हा हिशेब कसा जुळतो
ते मी विचारत नाही.

संगमावर वारणा जरा मातकट,
कृष्णा जरा हिरवी.
लगेच नाही मिसळत.
लग्नात दोन्हीकडची माणसं
पहिल्या पंगतीला बसतात तशी
एकमेकींना चोरून बघत
थोडं अंतर बरोबर जातात.
पैलतीराला ओंडका पडलेला असतो.
मी महिनाभर त्याला ओंडका म्हणालो.
परवा ओंडक्यानं तोंड मिटलं
आणि सावकाश पाण्यात गेला.
पायरीवर धुणं धूत असलेली बाई म्हणाली,
"रोज असती ती. तुमी आज बघितली."

परत येताना ऊन पाठीवर,
रस्ता तोच, पण चिंचांची दुसरी बाजू दिसते.
कुणाच्या तरी खिडकीत आल्याचा चहा,
एक म्हातारा रेडिओ कानाला लावून
पाणी मारतोय चार कुंड्यांना,
त्यांतल्या एकीत काहीच लावलेलं नाही.
तिलाही पाणी मारतो.

घरी पोचलो की सुलभा
स्वयंपाकघरातूनच विचारते,
"किती झाले आज?"
तिला किलोमीटर हवे असतात,
ते ती कॅलेंडरवर लिहिते.

"पाच," मी म्हणतो.
"इतके?"
"पाचही. ठिपकेवालं सापडलं.
हौसाक्काच्या पाटीमागं,
राखेच्या उबेला झोपलंय."

आत जरा वेळ भांडी वाजत नाहीत.
मग कॅलेंडरवर पेन घासल्याचा आवाज.
काय लिहिलं, ते मी
उद्या जाता जाता बघेन.